वाहनदोष-निदानासाठी वापरलेला दणकट लॅपटॉप : निवड, पारख आणि सुधारणा
(घोडेगाव, ता. नेवासा परिसरातील दुरुस्ती व्यवसायाच्या संदर्भात)

प्रास्ताविक

अहिल्यानगर (२०२४ पर्यंतचे नाव अहमदनगर) जिल्ह्याच्या नेवासा तालुक्यातील घोडेगाव हे नगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या महामार्गावरील बाजारपेठेचे गाव होय. पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील त्याच नावाच्या गावाशी त्याची गल्लत होऊ नये. म्हशींच्या बाजारासाठी हे गाव दूरवर ओळखले जाते. येथे कांद्याची मोठी आवक होते, शनिशिंगणापूरचा फाटा येथूनच फुटतो आणि जवळच सोनईला मुळा सहकारी साखर कारखाना आहे. परिणामी जनावरे वाहणारे टेम्पो, कांद्याचे ट्रक, भाविकांच्या जीपगाड्या आणि गळीत हंगामातील उसाचे ट्रॅक्टर अशी नाना तऱ्हेची वाहने या एका रस्त्यावर एकत्र येतात. इमामपूरचा घाट ओलांडताना वाहनाची परीक्षा होते आणि जे वाहन नापास होते ते रस्त्याकडेच्या गॅरेजपाशी येऊन थांबते.

अशा गॅरेजातील मिस्त्रीचे ज्ञान दीर्घकाळ त्याच्या कानात आणि हातात होते. धुराच्या रंगावरून नोझलचा आणि आवाजावरून टॅपेटचा दोष सांगणारी माणसे या महामार्गावर आजही भेटतील. परंतु १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहा ही उत्सर्जन मानके लागू झाली आणि त्यानंतरच्या डिझेल ट्रकमध्ये इंधनाचा दाब, फवाऱ्याची वेळ, काजळी धरणारी गाळणी आणि चालकांना ‘युरिया’ या नावाने परिचित असलेला द्राव या साऱ्यांचा कारभार इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाकडे गेला. युरियाच्या टाकीतील संवेदकाने चुकीची वर्दी दिली आणि दोष कायम राहिला, तर नियंत्रक ठरावीक काळानंतर इंजिनाची ताकद मुद्दाम कमी करतो. गाडी ‘पिकअप घेत नाही’ अशी चालकाची तक्रार असते. इंजिन उघडून पाहिले तर यांत्रिक दोष काहीच सापडत नाही. नेमके काय बिघडले हे नियंत्रकालाच विचारावे लागते आणि त्यासाठी त्याच्याशी बोलू शकणारा संगणक लागतो. ज्याच्याजवळ तो नाही, त्या कारागिराला गाडी अधिकृत सेवाकेंद्राकडे ओढून नेण्याचा सल्ला देण्यापलीकडे काही करता येत नाही. कांदा भरलेल्या ट्रकच्या बाबतीत या विलंबाची किंमत दुरुस्तीच्या बिलात मावणारी नसते.

यातूनच ‘स्कॅनर लावणे’ हा शब्दप्रयोग गॅरेजच्या बोलीत रूढ झाला. हातात धरावयाचे तयार स्कॅनर मिळतात. पण अनेक वाहने, अनेक कंपन्यांची सॉफ्टवेअरे आणि नोंदी जपण्याची गरज असेल तेथे लॅपटॉपला पर्याय नाही. साधा लॅपटॉप धूळ, तेल आणि उन्हात फार दिवस तग धरत नाही. दणकट बांधणीचा नवा लॅपटॉप लहान व्यावसायिकाच्या आवाक्याबाहेर असतो. म्हणून वापरलेल्या दणकट लॅपटॉपकडे लक्ष जाते. हा पर्याय योग्यच आहे, मात्र खरेदीचा क्रम बहुधा उलटा असतो. आधी यंत्र घेतले जाते, मग त्यावर काय चालेल याचा शोध सुरू होतो. वास्तविक आधी वाहन पाहावे, त्यावरून सॉफ्टवेअर, सॉफ्टवेअरवरून जोडणीचे उपकरण आणि सर्वांत शेवटी लॅपटॉप ठरवावा. हा क्रम का पाळावा आणि तो पाळल्यास जुने यंत्र किती पुरे पडते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

वाहनाची भाषा

वाहनातच दोष ओळखण्याची व्यवस्था असावी, ही कल्पना प्रदूषण-नियंत्रणातून आली. अमेरिकेत १९९६ च्या मोटारींपासून तिचा दुसरा टप्पा, म्हणजे ‘ओबीडी-दोन’, सक्तीचा झाला. भारतात चारचाकी वाहनांसाठी २०१० पासून पहिला आणि २०१३ पासून दुसरा टप्पा भारत स्टेज चारच्या वाहनांना लागू होत गेला. १ एप्रिल २०१७ पासून स्टेज चार देशभर आले. ट्रॅक्टरांचा विषय अधिक अलीकडचा आहे. पन्नास अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून ‘ट्रेम चार’ ही मानके लागू झाली आणि उसाच्या फडापर्यंत इलेक्ट्रॉनिक इंधनप्रणाली पोहोचली. लहान ट्रॅक्टर अद्याप बव्हंशी जुन्याच यांत्रिक पद्धतीचे आहेत. त्यांच्यासाठी लॅपटॉप घेण्याचे कारण नाही.

मोटारीच्या डॅशबोर्डखाली सोळा पिनांचे सॉकेट असते. त्यातील चौथ्या व पाचव्या पिनेवर अर्थिंग, सोळाव्यावर बॅटरीचा विद्युतदाब, सातव्यावर जुन्या पद्धतीची ‘के-लाइन’ आणि सहाव्या व चौदाव्यावर ‘कॅन’ या जाळ्याच्या दोन तारा येतात. ‘कॅन’ ही पद्धत जर्मनीतील बॉश कंपनीने विकसित करून १९८६ मध्ये जाहीर केली. जड वाहनांत याच जाळ्यावर ‘जे-१९३९’ नावाची प्रमाणभाषा वापरली जाते. तेथे नऊ पिनांचे गोल सॉकेट किंवा सोळा पिनांचेच सॉकेट आढळते. येथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. मोटारीची वीज बारा व्होल्टची, तर मोठ्या ट्रकची चोवीस व्होल्टची असते. केवळ बारा व्होल्टसाठी बनविलेले स्वस्त उपकरण ट्रकला लावल्यास ते जळण्याचा धोका असतो. चोवीस व्होल्टच्या वाहनांसाठी सोळा पिनांच्या सॉकेटचा साचा थोडा निराळा ठेवण्यात आला आहे तो याच कारणाने. तो जबरदस्तीने बसवू पाहणारे हात मात्र सर्वत्र आहेत.

नियंत्रक जे उत्तर देतो त्याचा अर्थ लावणे हे खरे कौशल्य. जे-१९३९ मध्ये दोष दोन आकड्यांत सांगितला जातो. पहिला आकडा कोणत्या घटकाविषयी तक्रार आहे ते सांगतो, दुसरा ती कोणत्या प्रकारची आहे ते. उदाहरणार्थ, पहिला आकडा १५७ म्हणजे इंधनाच्या सामाईक नळीतील, अर्थात कॉमन रेलमधील दाब. त्याच्यासोबत दुसरा आकडा १ आला तर दाब खरोखरच धोकादायकरीत्या कमी आहे, असा अर्थ होतो. मग डिझेल फिल्टर, पंप, गळती यांकडे वळावे लागते. तोच दुसरा आकडा ३ किंवा ४ असेल तर संवेदकाकडून येणारा विद्युतदाब मर्यादेबाहेर आहे, म्हणजे संशय तारेवर, जोडणीवर किंवा संवेदकावर घ्यावयाचा. पहिला आकडा तोच. परंतु एका प्रकरणात हजारो रुपयांचा पंप, दुसऱ्यात उंदराने कुरतडलेली तार. फक्त ‘रेल प्रेशर’ एवढेच वाचून पंप बदलण्याचा निर्णय घेतला जातो तेव्हा लॅपटॉप असूनही निदान झालेले नसते.

जाळ्याचा वेग येथे मुद्दाम पाहिला पाहिजे, कारण खरेदीचा एक मोठा गैरसमज त्यातून दूर होतो. जे-१९३९ चे जाळे सामान्यतः सेकंदाला अडीच लाख बिट वाहून नेते; मोटारीतील कॅन जाळे बहुधा पाच लाख; जुनी के-लाइन तर केवळ दहा हजार चारशे. उलट यूएसबी-दोनचा नाममात्र वेग सेकंदाला अठ्ठेचाळीस कोटी बिट, म्हणजे ट्रकच्या जाळ्याच्या सुमारे दोन हजार पट आहे. वाहन जेवढे बोलते तेवढे ऐकण्यासाठी पंधरा वर्षांपूर्वीचा प्रोसेसरही पुरून उरतो. जुना लॅपटॉप ‘हळू’ वाटतो तो फिरत्या हार्ड डिस्कमुळे आणि अपुऱ्या रॅममुळे. आणि या दोन्ही गोष्टी बदलता येतात. अशा यंत्राच्या खरेदीला आर्थिक आधार मिळतो तो याच वस्तुस्थितीतून.

दणकटपणाचा अर्थ

दणकट लॅपटॉप म्हटले की पॅनासोनिकच्या ‘टफबुक’चे नाव प्रथम येते. ही मालिका १९९६ मध्ये सुरू झाली. गेटॅक, डेल आदी कंपन्यांचीही अशी यंत्रे आहेत. पोलीस दले, वीज व दूरसंचार कंपन्या आणि लष्करे ही यंत्रे मोठ्या संख्येने घेतात आणि ठरावीक वर्षांनी एकदम निकाली काढतात. जुन्या बाजारातील बराचसा पुरवठा अशा मार्गाने येतो. मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे कवच, रबरी झडपांनी झाकलेले पोर्ट, धक्के शोषणाऱ्या गादीत बसविलेली डिस्क आणि थंड हवामानासाठी डिस्कला ऊब देणारी सोय ही या यंत्रांची ओळख. घोडेगावी शेवटच्या सोयीचा उपयोग शून्य. झडपांचा उपयोग मात्र रोजचा.

जाहिरातीत ‘मिल-एसटीडी-८१०’ या अमेरिकी लष्करी मानकाचा उल्लेख हमखास असतो. हे प्रमाणपत्र नव्हे, चाचण्यांच्या पद्धतींचा संग्रह आहे. कोणती चाचणी कोणत्या तीव्रतेने केली हे उत्पादकाने सांगितल्याखेरीज त्या उल्लेखाला अर्थ प्राप्त होत नाही. त्यातील प्रसिद्ध चाचणीत यंत्र १२२ सेंटिमीटर उंचीवरून सव्वीस वेळा पाडले जाते; पेटीच्या सहा बाजू, बारा कडा आणि आठ कोपरे मिळून ही संख्या होते. पण ते पडते काँक्रीटवर अंथरलेल्या लाकडी फळीवर आणि सव्वीस पाडे पाच नगांपर्यंत वाटून घेण्याची मुभा मानकातच आहे. भारतीय संरक्षण खात्याचे ‘जेएसएस ५५५५५’ हे इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या पर्यावरणीय चाचण्यांचे मानक याच स्वरूपाचे आहे. अशा चाचण्यांची संस्कृती या जिल्ह्याला परकी नाही. संरक्षण संशोधन व विकास संघटनेची वाहन संशोधन व विकास आस्थापना, म्हणजे व्हीआरडीई, नगरलाच आहे आणि केंद्रीय मोटार वाहन नियमावलीनुसार वाहनांना चाचणीअंती मान्यता देणाऱ्या संस्थांत तिचा समावेश होतो.

‘आयपी-६५’ हा आकडा अधिक उपयोगाचा. सहा म्हणजे धूळ आत शिरू न देणे, पाच म्हणजे पाण्याच्या झोताला दाद न देणे. तथापि हा आकडा कोऱ्या यंत्राचा असतो. दहा वर्षे वापरलेल्या यंत्राच्या रबरी पट्ट्या कडक होतात, एखादी झडप तुटलेली असते, कोणीतरी कवच उघडून ते चार स्क्रू कमी लावून बंद केलेले असते. अशा यंत्राला आयपी-६५ म्हणणे म्हणजे विटलेल्या छत्रीला नवी म्हणण्यासारखे आहे. जुन्या यंत्राची दणकटता छापील माहितीवरून न ठरवता झडपा व पट्ट्या पाहून ठरवावी.

पडद्याच्या प्रखरतेकडे सहसा दुर्लक्ष होते. साध्या लॅपटॉपच्या पडद्याची प्रखरता दोनशे ते तीनशे निट असते. रस्त्याकडेला दुपारच्या उन्हात त्यावर काहीही दिसत नाही. बाहेर वापरासाठी बनविलेल्या काही यंत्रांत ती हजार निटांच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते. परंतु एकाच नावाच्या यंत्रात वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळे पडदे बसविलेले आढळतात. म्हणून यंत्र दुकानातील ट्यूबलाइटखाली न पाहता रस्त्यावर नेऊन पाहावे. विक्रेता कुरकुरतो, कुरकुरू द्यावे.

बाजारातील पारख

मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस किंवा बंगळूरचा एस. पी. रोड येथे अशी यंत्रे हाताळून घेता येतात. परदेशातून स्वतः मागविण्याचा विचार करणाऱ्याने हे जाणून असावे की, वापरलेल्या लॅपटॉपची आयात विदेश व्यापार धोरणानुसार निर्बंधित आहे. परवानगीशिवाय ती करता येत नाही. परदेशी संकेतस्थळावर स्वस्त दिसलेले यंत्र सीमाशुल्क विभागात अडकले तर स्वस्तपणा तेथेच संपतो. सबब देशातील विक्रेत्याकडून, अनुक्रमांक लिहिलेल्या पक्क्या बिलावर खरेदी करणे इष्ट.

एकाच नावाखाली अनेक पिढ्या दडलेल्या असतात, ही या बाजारातील सर्वांत मोठी फसवी जागा. टफबुक सीएफ-३१ हे नाव २०१० मधील पहिल्या पिढीच्या कोअर प्रोसेसरपासून २०१५ मधील पाचव्या पिढीपर्यंत चालले. सीएफ-१९ तर कोअर ड्युओपासून तिसऱ्या पिढीच्या आय-पाचपर्यंत. बाहेरून ही यंत्रे जुळ्या भावंडांसारखी दिसतात. विक्रेते त्यांना ‘मार्क एक’, ‘मार्क पाच’ असे क्रम देतात. तो क्रम तोंडी न स्वीकारता तळाच्या पट्टीवरील पूर्ण क्रमांक आणि चालू यंत्रातील प्रोसेसरचे नाव ताडून पाहावे. सीएफ-२९ सारख्या त्याहून जुन्या यंत्रांत आयडीई प्रकारची डिस्क असते, जिला आजची साधी एसएसडी लागत नाही. ती कितीही स्वस्त मिळाली तरी टाळावीत.

त्यानंतर पाहावयाची गोष्ट म्हणजे बायोसचे कुलूप. संस्थांनी निकाली काढलेल्या यंत्रांत पूर्वीच्या मालकाचा पर्यवेक्षक-पासवर्ड कायम राहिलेला असतो. साध्या संगणकाची बटण-बॅटरी काढून पासवर्ड घालविण्याची युक्ती येथे चालत नाही. पासवर्ड वेगळ्या चिपमध्ये कायम असतो. विंडोज व्यवस्थित सुरू होते, म्हणून गिऱ्हाईक निर्धास्त होते आणि नवी डिस्क बसवून बूटचा क्रम बदलण्याची वेळ आली की कुलूप लक्षात येते. पैसे देण्यापूर्वी यंत्र बंद करून, पुन्हा सुरू करताना बायोसमध्ये शिरून एखादी नोंद बदलून पाहावी. चोरीविरोधी देखरेखीची ‘कॉम्प्युट्रेस’ ही सोयही बायोसमध्येच वसते. ती चालू असल्यास यंत्राच्या मालकीबद्दल विक्रेत्याला स्पष्ट प्रश्न विचारणे योग्य ठरेल.

कळफलक, स्पर्श-पडदा, बिजागऱ्या, प्रत्येक यूएसबी पोर्ट आणि नऊ पिनांचा सिरीयल पोर्ट हे सारे हाताने तपासावे. सिरीयल पोर्ट ही या जातीच्या यंत्रांची जुनी मिरास. भारत स्टेज तीन-चारच्या काळातील काही उपकरणांना तो अजूनही लागतो. नव्या वाहनांसाठी त्याची गरज जवळजवळ संपली आहे. केवळ त्यासाठी जास्त किंमत मोजू नये. बॅटरीची खरी क्षमता ‘पॉवरसीएफजी’ या विंडोजच्या आज्ञेने अहवालरूपात मिळते. मूळ क्षमता ऐंशी वॉट-तास आणि उरलेली साठ टक्के असेल, तर पंधरा वॉट खाणारे यंत्र सुमारे तीन तास चालेल. एवढे गणित गॅरेजमध्येही करता येते.

सुधारणा : काय बदलावे, काय बदलू नये

सर्वांत मोठा फरक एसएसडीने पडतो. फिरत्या डिस्कला विखुरलेली माहिती शोधण्यास दर वेळी दहा-पंधरा मिलिसेकंद लागतात. एसएसडीला त्याच्या शतांशाच्या आसपास. शिवाय तिच्यात फिरणारा भाग नसल्याने चालत्या इंजिनाचा थरथराट तिला बाधत नाही. डिस्कचा काढता-घालता येणारा डबा आणि त्यातील नाजूक पट्टी-तार मात्र मूळचीच असावी; ती तुटलेली किंवा गहाळ असल्यास यंत्राचे मोल निम्मे समजावे. रॅम चार जीबीहून कमी असेल तर वाढवावी, आठ जीबी पुरेशी. रॅमचा प्रकार पिढीनुसार बदलतो. डीडीआर-दोन आणि डीडीआर-तीन एकमेकांच्या जागी बसत नाहीत. प्रोसेसर बदलण्याच्या फंदात पडू नये, बव्हंशी तो बोर्डलाच जोडलेला असतो. कवच उघडावेच लागले तर उष्णता वाहून नेणाऱ्या वाळलेल्या पट्ट्या बदलाव्यात आणि सर्व स्क्रू परत लावावेत, कारण धूळबंद राहण्याची क्षमता त्या स्क्रूंच्या दाबावर अवलंबून असते.

ऑपरेटिंग सिस्टिमचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज सातचा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज दहाचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज अकराला टीपीएम-दोन ही सुरक्षा-सोय आणि इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. वर उल्लेखिलेले एकही टफबुक त्या अटीत अधिकृतपणे बसत नाही. उलट जुनी निदान-सॉफ्टवेअरे आणि त्यांच्या उपकरणांचे ड्रायव्हर बत्तीस बिटांच्या विंडोज सातवरच नीट चालतात. येथे डिस्कचा काढता डबा कामास येतो. एका एसएसडीवर जुनी प्रणाली, इंटरनेटशी कधीही न जोडता; दुसऱ्या एसएसडीवर नवी प्रणाली, ऑनलाइन खाते लागणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी. गाडी पाहून डबा बदलावा. साध्या लॅपटॉपला हे इतक्या सहजपणे जमत नाही. नव्या कंपनी-सॉफ्टवेअरसाठी अकराव्या विंडोजची अट असेल तर मात्र जुन्या दणकट यंत्राचा मोह सोडून आठव्या पिढीनंतरचे यंत्र घ्यावे. सीएफ-३१ चा पडदा १०२४ गुणिले ७६८ बिंदूंचा आहे. काही नव्या सॉफ्टवेअरच्या खिडक्या त्यात पूर्ण मावत नाहीत, हेही ध्यानात असावे.

लॅपटॉपवर वाचविलेले पैसे जोडणीच्या उपकरणावर खर्च करावेत. ट्रकसाठी ‘आरपी-१२१०’ आणि मोटारींसाठी ‘जे-२५३४’ या प्रमाणांना अनुसरणारे उपकरण एकाहून अधिक कंपन्यांच्या सॉफ्टवेअरबरोबर चालू शकते. कमिन्सचे ‘इनसाइट’ हे सॉफ्टवेअर आरपी-१२१० मार्गानेच इंजिनाशी बोलते. बाजारात शेकड्यांच्या भावात मिळणारी ‘ईएलएम-३२७’ नावाची खेळणी बहुतांशी नक्कल असतात. मूळ चिप कॅनडातील एल्म इलेक्ट्रॉनिक्सची. ती कंपनी २०२२ मध्ये बंद झाली. नकली उपकरणांवर झळकणारी ‘१.५’ ही आवृत्ती मूळ कंपनीने कधी काढलीच नव्हती. मोटारीचा चेक-लाइट वाचण्यापुरती ती ठीक. ट्रकच्या निदानात त्यांचा भरवसा धरू नये. यूएसबी-सिरीयल तारांतही नकलीपणा आहेच. २०१४ मध्ये एफटीडीआय कंपनीच्या नव्या ड्रायव्हरने नकली चिपांचा ओळख-क्रमांक शून्य करून टाकल्याने अनेक तारा एका रात्रीत निकामी झाल्या होत्या. अस्सल तारेतही प्रतीक्षावेळ मुळात सोळा मिलिसेकंद असते. के-लाइनसारख्या वेळेला काटेकोर पद्धतीत त्यामुळे संवाद तुटतो. ड्रायव्हरच्या रचनेत ती एक मिलिसेकंद करावी. जोडणी होत नाही म्हणून लॅपटॉपला दोष देण्यापूर्वी ही एक नोंद पाहिली तर पुष्कळ मनस्ताप वाचतो.

विजेबाबत थोडे. टफबुकला १५.६ व्होल्ट लागतात; गाडीकडे बारा किंवा चोवीस असतात. थेट तार जोडण्याचा उद्योग करू नये, योग्य मर्यादेचा वाहन-चार्जर घ्यावा. नियंत्रकात नवे सॉफ्टवेअर भरताना लॅपटॉप झोपी जाणे, विंडोजने स्वतःचे अद्यतन सुरू करणे किंवा गाडीची बॅटरी खाली जाणे यांपैकी काहीही झाले तर नियंत्रकच निकामी होऊ शकतो. दोष वाचणे आणि नियंत्रकात लिहिणे यांत डॉक्टरने नाडी पाहणे आणि शस्त्रक्रिया करणे यांइतके अंतर आहे. पहिले कोणालाही शिकविता येते; दुसऱ्यासाठी गाडीला बाहेरून स्थिर वीजपुरवठा असल्याखेरीज हात लावू नये. बदली बॅटरी घेताना आयएस १६०४६ या भारतीय मानकाची खूण पाहावी. फुगलेली बॅटरी ‘अजून चालते’ म्हणून ठेवू नये.

कुलूप कोणाचे ?

यंत्र उत्तम, उपकरण अस्सल, तरीही पुष्कळदा दार बंदच राहते. उत्सर्जनाशी निगडित दोष वाचण्याची भाषा सर्वांना खुली आहे; पण काजळीची गाळणी सक्तीने जाळून स्वच्छ करणे, इंजेक्टरचा संकेत भरणे, बदललेला नियंत्रक गाडीशी जुळविणे ही कामे कंपनीच्या सॉफ्टवेअरखेरीज होत नाहीत आणि ते सॉफ्टवेअर स्वतंत्र गॅरेजला मिळेलच असे नाही. त्या पोकळीत कुलूप तोडलेली सॉफ्टवेअरे विकली जातात. ती बेकायदा तर आहेतच. शिवाय त्यांतील आवृत्ती आणि वाहनातील आवृत्ती जुळली नाही तर नियंत्रकाची हानी कारागिराच्या माथी येते. त्यांच्यासोबत विषाणू फुकट मिळतो तो वेगळाच.

या प्रश्नाची भारतातील सर्वांत ठळक नोंद भारतीय स्पर्धा आयोगाच्या २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात आढळते. एका तक्रारीवरून झालेल्या चौकशीअंती आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना सुटे भाग, तांत्रिक पुस्तिका आणि निदान-उपकरणे स्वतंत्र दुरुस्तीकारांना उपलब्ध न केल्याबद्दल सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि ही साधने खुली करण्याचे निर्देश दिले. पुढे प्रकरण अपिलांत गेले. २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने काही कंपन्यांचा दंड कमी केला. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली व त्याच वर्षी डिसेंबरात संकेतस्थळ सुरू केले, शेती अवजारे आणि मोटारवाहने ही त्यातील चार क्षेत्रांपैकी दोन. युरोपीय संघाने २००७ च्या ७१५ क्रमांकाच्या नियमानेच स्वतंत्र दुरुस्तीकारांना माहिती देणे उत्पादकांवर बंधनकारक केले होते. तुलनेने आपल्याकडील संकेतस्थळ हे माहिती देणारे आहे, बंधन घालणारे नव्हे. घोडेगावच्या मिस्त्रीसाठी हा फरक पुस्तकी नाही. यंत्र घेण्यापूर्वी त्याने आपल्याकडे येणाऱ्या गाड्यांची महिनाभर नोंद ठेवावी आणि त्यांपैकी किती कंपन्यांचे सॉफ्टवेअर परवान्यासह मिळते याची चौकशी करावी. उत्तर ‘एकही नाही’ असे आले तर लॅपटॉपऐवजी अनेक वाहनांसाठीचा, नियमित अद्यतने मिळणारा हातातला स्कॅनर त्याला अधिक परवडेल.

महाविद्यालयाच्या दृष्टीने

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर ग्रामीण महाविद्यालयांतही कौशल्याधारित अभ्यासक्रम आणि कार्यानुभव यांना श्रेयांक मिळू लागले आहेत. महामार्गावरील गावांच्या आसपास असलेल्या महाविद्यालयांना वाहनदोष-निदान हा विषय अनोळखी वाटू नये. भौतिकशास्त्रातील विद्युतदाब, संगणकशास्त्रातील संदेशवहन आणि वाणिज्य शाखेतील खर्चाचा हिशेब या एका यंत्रापाशी एकत्र येतात. अडचण येते ती खरेदी समितीत. तीन दरपत्रकांतून सर्वांत कमी दर निवडण्याची रीत कोऱ्या वस्तूंसाठी योग्य आहे. जुन्या यंत्रांत तीन विक्रेत्यांकडील एकाच नावाची यंत्रे तीन निरनिराळ्या पिढ्यांची असू शकतात. म्हणून मागणीपत्रात ‘दणकट लॅपटॉप, एक नग’ एवढेच न लिहिता प्रोसेसरची पिढी, बायोस पासवर्डमुक्त असणे, डिस्कचा मूळ डबा, बॅटरीची किमान उरलेली क्षमता आणि अनुक्रमांकासह बिल या अटी शब्दशः नमूद कराव्यात. यंत्रापेक्षा जोडणीचे उपकरण व सॉफ्टवेअरचा वार्षिक परवाना यांवर अधिक खर्च होणार असल्याने तो आवर्ती खर्च पहिल्याच प्रस्तावात दाखवावा. तो नंतर मंजूर होत नाही, असा सार्वत्रिक अनुभव आहे.

डेड स्टॉक रजिस्टरमध्ये लॅपटॉप, एसएसडी, रॅम आणि जोडणीचे उपकरण यांच्या नोंदी स्वतंत्र ठेवल्या तर यंत्र निकाली निघाले तरी एसएसडी व उपकरण पुढच्या यंत्राला वापरता येतात. जुनी बॅटरी भंगारवाल्याकडे न देता २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे आणि कवचासह उरलेला लॅपटॉप १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार सोपवून, त्याची पावती त्याच रजिस्टरला जोडावी.